माजघरातील फडताळ

वैशाखातल्या सुट्टीत रत्नागिरीच्या आसपासच्या कोणत्याही वाडीत गेले, तर काजू भाजल्याचा उग्र वास आल्यावाचून राहत नाही. मुले बागेतून बिया गोळा करून आणतात, परसात तीन दगडांची चूल मांडतात आणि फुटक्या पत्र्यावर बिया पसरून त्या भाजू लागतात. बिया तापल्या की टरफलांतून काळे तेल उसळते, ते पेट घेते आणि चरचर आवाज करीत ज्वाळा उठतात. हे तेल मोठे दाहक असते. त्याचा थेंब ओठाला लागला तर ओठ सुजतो, कातडी काळी पडते आणि काही दिवसांनी तिचे पापुद्रे निघू लागतात. म्हणूनच ओले काजूगर काढणाऱ्या बाया हाताला आधी खोबरेल चोळून घेतात. एवढ्या दाहक टरफलाच्या आत मात्र गोड, पांढराशुभ्र गर असतो. विष आणि मेवा यांच्यामध्ये अंतर असते ते जेमतेम दोन-तीन मिलिमीटरांचे!

हे तेल निरुपयोगी आहे असेही नाही. कारखान्यात त्यापासून रोगण तयार होते, मोटारीच्या ब्रेकमध्ये बसविण्याचे अस्तर तयार होते. तीच वस्तू एका ठिकाणी कामाची आणि दुसऱ्या ठिकाणी घातक. कोकणच्या रानात आढळणारा काजरा हे याचे आणखी एक उदाहरण होय. काजऱ्याच्या चपट्या, राखी रंगाच्या बियांत स्ट्रिक्निन नावाचे विष असते. ते पोटात गेले तर अंगातील स्नायू धनुष्यासारखे ताठ होतात आणि श्वास कोंडून मनुष्य दगावतो. तरीही वैद्यांनी याच बिया शुद्ध करून, अत्यल्प प्रमाणात, शेकडो वर्षे औषधात वापरल्या आहेत. सोळाव्या शतकात युरोपात पॅरासेल्सस नावाचा एक वैद्य होऊन गेला. कोणतीही वस्तू स्वभावतःच विष किंवा स्वभावतःच औषध नसते, ती विष ठरते की नाही हे तिच्या प्रमाणावर अवलंबून असते, असे त्याने सांगितले. आजचे औषधशास्त्र याच पायावर उभे आहे.

आता रानातून घरात यावे. कोकणातील जुन्या घरात माजघराच्या भिंतीत एक फडताळ असते. घरातल्या सगळ्या बाटल्या, डब्या, पुड्या आणि ट्यूबा शेवटी तेथे येऊन पडतात. वरच्या फळीवर आजोबांच्या मधुमेहाच्या गोळ्या, आजीच्या रक्तदाबाच्या गोळ्या, धाकट्या भावंडाचे तापाचे औषध, बामची बाटली आणि गणपतीला आलेले मुंबईचे काका जाताना विसरून गेलेली, अर्धी संपलेली गोळ्यांची पट्टी. तिच्यावरील नाव नेमके फाटलेले असते. मधल्या फळीवर पूजेचा कापूर, कपड्यांत घालावयाच्या डांबराच्या गोळ्या, खायच्या चुन्याची डबी. खाली फिनेल, रॉकेल, ब्लीचिंग पावडर, संडास धुण्याचे आम्ल, सुपारीच्या बागेसाठी आणलेला मोरचूद आणि उंदराचे औषध.

उंदराचे औषध! या शब्दापाशी थोडे थांबले पाहिजे. आपली मराठी भाषा या बाबतीत फार भोळी आहे. मनुष्याला जगविते तेही औषध आणि उंदराला मारते तेही औषध. शेतकरी आंब्यावर फवारतो ते औषध, घरात डासांवर मारतात तेही औषध आणि ढेकणांच्या खाटेत ओततात तेही औषधच. मोठ्या माणसांना यांतील भेद ठाऊक असतो. परंतु चार वर्षांच्या मुलाने काल आईच्या हातून गोड औषध घेतलेले असते. आज त्याला फडताळात दुसरे ‘औषध’ दिसले, तर ते त्याने का घेऊ नये? खरे पाहता या वस्तूंना विष असेच म्हणावयास हवे. निदान ज्या घरात लहान मूल आहे, त्या घरात तरी तसे म्हणण्यास हरकत नसावी. याच कारणासाठी मुलाला औषध पाजताना ‘हा खाऊ आहे’ असे सांगणेही चुकीचे आहे.

वरच्या फळीवरील पहिली बाटली घेऊ. ताप उतरविण्यासाठी पॅरासिटामॉल हे औषध आज जवळजवळ प्रत्येक घरात असते. योग्य प्रमाणात घेतले तर ते अतिशय सुरक्षित आहे. मोठ्या माणसाची गोळी सामान्यतः ५०० मिलिग्रॅमची असते. बालकाचे प्रमाण मात्र त्याच्या वजनावरून ठरते. वजनाच्या प्रत्येक किलोमागे एका वेळी १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तासांचे अंतर आणि दिवसभरात चारांहून अधिक मात्रा नाहीत, असा साधारण नियम आहे. म्हणजे १२ किलो वजनाच्या बालकाला एका वेळी १२० ते १८० मिलिग्रॅम औषध पुरे होते.

येथपर्यंतचे गणित सोपे आहे. अडचण पुढे येते. हेच औषध बाजारात तीन निरनिराळ्या ताकदींत मिळते. एका पातळ औषधाच्या ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते, दुसऱ्याच्या तेवढ्याच मापात २५० मिलिग्रॅम असते. तान्ह्या मुलांसाठी थेंबांनी द्यावयाचे जे औषध मिळते, त्याच्या एकेका मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम असते. बाटली लहान, मूल लहान, म्हणून औषधही सौम्य असेल, असा कोणाचाही समज होईल. प्रत्यक्षात सर्वांत लहान बाटलीतील औषध सर्वांत तीव्र असते. वर सांगितलेल्या बालकाला पहिल्या औषधाचे ५ मिलिलिटर दिले तर १२० मिलिग्रॅम पोटात जाते आणि ते योग्य आहे. चुकून थेंबांच्या बाटलीतील ५ मिलिलिटर दिले, तर मात्र ५०० मिलिग्रॅम जाते, म्हणजे चौपटीहून अधिक! दोन्ही वेळा आईने ‘एक चमचाच’ दिलेला असतो.

चमचा हेही काही खात्रीचे माप नव्हे. एका घरातील चहाच्या चमच्यात तीन मिलिलिटर मावते, तर दुसऱ्या घरातील चमच्यात सात. औषधाच्या खोक्यात रेघा आखलेले झाकण किंवा लहान पिचकारी असते ती याचसाठी. ती वस्तू पहिल्या दिवशी खेळण्यात जाते आणि दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघरातील चमचा पुढे येतो, असे पुष्कळ घरांत घडते. शिवाय सर्दीच्या अनेक औषधांतही पॅरासिटामॉल मिसळलेले असते. तापासाठी एक आणि सर्दीसाठी एक अशी दोन औषधे दिली, की नावे वेगळी असूनही तेच द्रव्य दुप्पट पोटात जाते.

प्रमाण चुकले तर नेमके काय होते? पॅरासिटामॉलचा बराचसा भाग यकृतात निरुपद्रवी होऊन लघवीवाटे बाहेर पडतो. थोड्या भागापासून मात्र एक जहाल पदार्थ बनतो. यकृताजवळ ग्लुटाथिओन नावाच्या द्रव्याचा साठा असतो. ते द्रव्य त्या जहाल पदार्थाला पकडून निष्प्रभ करते. औषध प्रमाणाबाहेर गेले की हा साठा संपतो आणि मग तो पदार्थ यकृताच्या पेशींवरच तुटून पडतो. यातील कपट असे की, पहिल्या दिवशी रोग्याला विशेष काही होत नाही. थोडी मळमळ, एखादी उलटी, एवढेच. घरातील मंडळी निश्चिंत होतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोट दुखू लागते, डोळे पिवळे दिसू लागतात. आणि तोपर्यंत यकृताचे बरेच नुकसान झालेले असते. या विषावर उतारा आहे, परंतु तो पहिल्या आठ तासांत दिला तर सर्वांत चांगला लागू पडतो. म्हणून ‘मूल हिंडते-फिरते आहे, उद्या पाहू’ असे म्हणून चालत नाही.

आजोबांच्या मधुमेहाच्या गोळीची गोष्टही अशीच. आजोबांच्या रक्तातील साखर ती आटोक्यात ठेवते. या गोळ्यांतील काही जातींची एकच गोळी नातवाने गिळली, तर त्याच्या रक्तातील साखर इतकी उतरते की तो बेशुद्ध पडतो.

औषधाच्या नेमक्या प्रमाणाने काय साधते, हे पाहावयाचे असेल तर रत्नागिरीच्या उत्तरेस, रायगड जिल्ह्यातील महाड तालुक्यात जावे लागेल. कोकणात लाल विंचू पुष्कळ. भाताच्या पेंढ्यात, लाकडांच्या राशीत, दगडी गडग्यात तो लपून बसतो. त्याच्या दंशाने काही रोग्यांच्या अंगाला दरदरून घाम सुटे, हातपाय गार पडत, छातीत पाणी भरून तोंडाला फेस येई आणि धडधाकट मूल रात्रीतून दगावत असे. १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर हे तरुण डॉक्टर महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. गंभीर अवस्थेत आलेल्या रोग्यांपैकी शंभरांत सुमारे चाळीस दगावत, हे त्यांनी पाहिले. त्या काळी विंचवावर निश्चित असा उपाय नव्हता. बावस्कर रोग्याच्या उशाशी रात्ररात्र बसून नाडी, रक्तदाब आणि श्वास यांची नोंद ठेवू लागले. या विषाने रक्तवाहिन्या एकाएकी आवळल्या जातात, हृदयावर असह्य भार पडतो आणि म्हणून फुप्फुसांत पाणी भरते, असे त्यांच्या ध्यानात आले.

आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे औषध मुळात दुसऱ्याच कामासाठी बाजारात होते. प्राझोसिन हे त्याचे नाव. उच्च रक्तदाबाच्या रोग्यांना ते देत असत. बावस्करांनी ते विंचूदंशावर वापरून पाहिले आणि आपले अनुभव १९८६ साली इंग्लंडमधील ‘लॅन्सेट’ या विख्यात वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. मुलाच्या वजनाच्या एका किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, एवढी बारीक ती मात्रा असते. एक मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लक्षावा भाग! या मात्रेने शंभरांपैकी चाळिसांचे मरण एकावर आले. पुढे २०२२ साली भारत सरकारने डॉ. बावस्करांना पद्मश्री देऊन गौरविले. परंतु हीच गोळी कोणी फडताळातून काढून मनाने घेतली, तर रक्तदाब एकाएकी उतरून उभा मनुष्य घेरी येऊन कोसळतो. दवाखान्यातही ही गोळी दिल्यावर रोग्याला आडवे ठेवतात आणि त्याच्या रक्तदाबावर लक्ष ठेवतात.

प्रमाण बरोबर असूनही घात होऊ शकतो. तो बाटलीत भलताच पदार्थ असला तर. कोकमाचे सरबत संपले की त्या काचेच्या बाटल्या कोकणातील गृहिणी टाकून देत नाहीत. हा काटकसरीचा गुण चांगलाच. पण मग कोणी त्या बाटलीत रॉकेल भरतो, कोणी फिनेल भरतो, कोणी तणनाशक आणून ठेवतो. बाटलीवर कोकमाचे चित्र तसेच असते. भर उन्हातून आलेला मुलगा ते चित्र पाहतो आणि बाटली तोंडाला लावतो.

अशी चूक केवळ घरातच होते असे नाही. मोठमोठ्या संस्थांतही ती झाली आहे, आणि तीही आपल्याच राज्यात. १९८६ सालच्या आरंभी मुंबईतील जे. जे. रुग्णालयात काही रोग्यांना ग्लिसरीन पाजण्यात आले. मेंदूतील किंवा डोळ्यांतील वाढलेला दाब कमी करण्यासाठी ते देतात. ते घेतल्यावर रोग्यांची मूत्रपिंडे बंद पडू लागली आणि पाहता पाहता १४ जण दगावले. ते ग्लिसरीन औषधी प्रतीचे नव्हतेच. ते कारखान्यांत वापरण्याचे होते व त्यात डायएथिलीन ग्लायकॉल नावाचे विष मिसळलेले होते. हे द्रव्य ग्लिसरीनसारखेच घट्ट, रंगहीन आणि चवीला गोड असते, व किमतीने स्वस्त असते. डोळ्यांना आणि जिभेला ते ओळखू येत नाही; ते केवळ प्रयोगशाळेतील तपासणीत सापडते. या प्रकरणाच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा आयोग नेमण्यात आला. खरेदी करणारे, तपासणारे आणि परवाना देणारे अशा अनेकांचा हलगर्जीपणा त्या चौकशीत उघडकीस आला.

दुःखाची गोष्ट ही की, हे विष जगाला नवे नव्हते. १९३७ साली अमेरिकेत याच द्रव्यात विरघळविलेल्या एका औषधाने शंभरांहून अधिक माणसे दगावली होती, आणि त्यामुळे दुसऱ्याच वर्षी तेथे औषधांविषयी कडक कायदा झाला होता. जे. जे. रुग्णालयातील घटनेनंतरही ते थांबले नाही. २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागातील मुलांना दिलेल्या खोकल्याच्या औषधात तेच द्रव्य निघाले. त्यांतील अनेक मुलांना उपचारासाठी आपल्या नागपुरात आणले होते. पण वीसहून अधिक मुले वाचू शकली नाहीत. एवढ्या चौकशा आणि एवढे कायदे होऊनही जे सापडत नाही, ते विष आहे की निष्काळजीपणा, असा प्रश्न पडतो. लहान मुलांच्या साध्या खोकल्याला बहुधा औषधाची गरजच नसते. तो आपोआप बरा होतो, असे डॉक्टर सांगतात. चार वर्षांखालील मुलांना तर सर्दी-खोकल्याची मिश्रणे देऊच नयेत, असे त्यांचे मत आहे.

आता काका विसरून गेलेल्या त्या पट्टीविषयी. तिच्यावर एक उभी लाल रेघ आहे. अशी रेघ असलेली औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून घेऊ नयेत, असा तिचा अर्थ. प्रतिजैविके याच प्रकारात मोडतात. आपल्या देशात पेनिसिलीन तयार करण्यासाठी पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली सरकारी कारखाना निघाला, तेव्हा लोकांना केवढा हर्ष झाला होता! जी माणसे पूर्वी साध्या जखमेने मरत ती या औषधाने वाचू लागली. परंतु पेनिसिलीनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ सालच्या आपल्या नोबेल व्याख्यानातच सावध केले होते. औषध अपुरे घेतले तर जंतू मरत नाहीत, उलट त्या औषधाला सरावतात. शिवाय कोकणातील पावसाळी ताप काही एका प्रकारचा नसतो. तो हिवताप असेल, डेंग्यू असेल किंवा चिखलात भातलावणी करणाऱ्यांना होणारा लेप्टो असेल. प्रत्येकाचे औषध वेगळे. उरलेल्या दोन गोळ्या घेऊन ताप दोन दिवस दबला, तर तेवढ्या अवधीत लेप्टो मूत्रपिंडांपर्यंत पोहोचू शकतो. डेंग्यूच्या तापात अ‍ॅस्पिरिन घेतली तर रक्तस्राव वाढतो.

मधल्या फळीवरचा कापूर आणि डांबराच्या गोळ्या दिसावयास सारख्याच पांढऱ्या आणि खडीसाखरेसारख्या. एखादा ग्रॅम कापूर पोटात गेला तरी लहान मुलाला आकडी येऊ शकते. डांबराच्या गोळीने काही मुलांच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. चुन्याची डबी तर कोणाला धोक्याची वाटतच नाही, कारण विड्याला चुना रोजच लागतो. पण बंद ट्यूब मुलाने दाबली की ती फुटते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. चुना हा अल्क आहे. आम्लापेक्षाही तो डोळ्यात खोलवर शिरत जातो व बुबुळ पांढरे पडते. अशा वेळी डॉक्टरांकडे धावण्यापूर्वी जवळ असेल त्या स्वच्छ पाण्याने, घागरीतल्या किंवा नळाच्या, डोळा धुवावयास लागले पाहिजे. आणि तो निदान २० मिनिटे सतत धुतला पाहिजे. पापणीच्या आत अडकलेले कणही निघून गेले पाहिजेत. डोळा वाचतो तो बहुधा या पहिल्या वीस मिनिटांत.

खालच्या फळीवरील ब्लीचिंग पावडर ही खरे तर गावाची उपकारकर्ती आहे. पावसाळ्यात विहिरीला गढूळ पाणी येते, तेव्हा पटकी, अतिसार, कावीळ यांपासून तीच वाचविते. चांगल्या ताकदीची पावडर १००० लिटर पाण्याला सुमारे अडीच ग्रॅम लागते. विहिरीत २०,००० लिटर पाणी असेल तर ५० ग्रॅम पावडर पुरते. ती बादलीत कालवून, गाळ खाली बसू देऊन, वरचे पाणी विहिरीत सोडतात आणि एक तास पाणी भरत नाहीत. हीच पावडर संडास धुण्याच्या आम्लात मिसळली तर मात्र पिवळट हिरवा क्लोरीन वायू निघतो. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, बेल्जियममधील ईप्रच्या रणभूमीवर सैनिकांवर जो विषारी वायू सोडण्यात आला, तो हाच. दोन स्वच्छक एकत्र केले तर स्वच्छता दुप्पट होईल, अशा समजुतीने बंद न्हाणीघरात ही लढाई स्वतःशीच लढणारी माणसे असतात.

गुहागर-दापोलीकडील बागायतदाराला मोरचूद चांगलाच परिचयाचा. पावसात सुपारीला कोळेरोग लागून कोवळी फळे गळतात. त्यावर बोर्डो मिश्रण फवारतात. एक किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात आणि एक किलो कळीचा चुना ५० लिटर पाण्यात निरनिराळा कालवून, मग दोन्ही एकत्र ओततात. भांडे लोखंडाचे चालत नाही. मिश्रण नीट झाले की नाही हे पाहण्याची जुनी रीत अशी की, त्यात लोखंडी खिळा किंवा कोयतीचे पाते बुडवावे. त्यावर तांब्याचा तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असे समजून आणखी चुन्याची निवळी घालावी. ही सारी रसायनविद्या अनुभवी बागायतदार पुस्तक न वाचताही जाणतो. तोच बागायतदार उरलेला मोरचूद साखरेच्या जुन्या डब्यात घालून स्वयंपाकघरात ठेवतो, तेव्हा मात्र आश्चर्य वाटते.

अन्न आणि विष शेजारी ठेवल्याने केवढा अनर्थ होतो, हे १९५८ साली केरळात दिसले. जहाजाच्या एकाच कोठारात गव्हाच्या पिठाची पोती आणि फॉलिडॉल या कीटकनाशकाचे डबे भरले होते. डबे गळले, पीठ भिजले, आणि ते खाऊन शंभराहून अधिक लोक मरण पावले. त्यानंतरच्या विचारविनिमयातून १९६८ सालचा कीटकनाशक कायदा झाला. आज कीटकनाशकाच्या प्रत्येक डब्यावर टोकावर उभा केलेला चौकोन छापलेला असतो, तो या कायद्याखालील नियमांमुळेच. त्या चौकोनाचा खालचा अर्धा भाग लाल असेल तर विष अत्यंत जहाल. पिवळा असेल तर त्याहून थोडे कमी. त्यापुढे निळा आणि हिरवा. हिरव्याचा अर्थ निर्धोक असा नव्हे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर विषबाधेने दगावले. कित्येकांनी तोंडाला फडकेही बांधलेले नव्हते, आणि बांधले असते तरी साधे फडके त्या तुषारांना अडवू शकत नाही. डब्यावरील सूचना बारीक अक्षरांत छापलेल्या असतात. शाळेत जाणाऱ्या मुलाने त्या आजोबांना मोठ्याने वाचून दाखविल्या, तर तेवढे काम त्याच्या वयाला सहज जमण्यासारखे आहे.

इतके करूनही एखादे वेळी अपघात होतोच. मग घरात एकच गोंधळ उडतो. कोणी मिठाचे पाणी पाजा म्हणतो, कोणी घशात बोट घाला म्हणतो, कोणी कच्चे अंडे सुचवितो. यांतील काहीही करावयाचे नसते. रॉकेल पोटात गेले असता उलटी करविली, तर ते वर येताना श्वासनलिकेत उतरते. पोटातील रॉकेलपेक्षा फुप्फुसात गेलेले रॉकेल कितीतरी अधिक घातक. आम्ल किंवा चुन्यासारखा पदार्थ गिळला असेल तर उलटीच्या वेळी अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते. मिठाचे पाणी फार झाले तर तेच लहान मुलाला विष ठरते. मूल बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही न घालता त्याला कुशीवर वळवून निजवावे. अंगावर काही सांडले असेल, तर कपडे काढून भरपूर पाण्याने अंग धुवावे. नंतर १०८ या क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलवावी, किंवा मिळेल त्या वाहनाने जवळचे सरकारी रुग्णालय गाठावे. मांत्रिकाकडे नेण्यात जो वेळ जातो तो परत मिळत नाही.

रुग्णालयात पोहोचताच डॉक्टर तीन गोष्टी विचारतात: काय घेतले, किती घेतले आणि केव्हा घेतले. घाबरलेल्या आईला त्या वेळी काहीच आठवत नाही. म्हणून निघताना कोणीतरी ती बाटली, तो डबा, ती रिकामी पट्टी, जशी असेल तशी पिशवीत टाकून बरोबर घ्यावी. कोकमाच्या बाटलीत काय भरले होते हे ज्याला ठाऊक असेल, त्यालाही बरोबर न्यावे. आणि मुलाच्या हातातून बाटली काढून घेतली तेव्हा माजघरातील घड्याळात किती वाजले होते, ते धाकट्या बहिणीने पाहून ठेवले असेल, तर तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ती देऊ शकेल.